तैवानच्या चिप कंपनीचे यश : करामत की अमानत?

रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी माझा भाचा घरी आला होता. संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शीरखुर्म्याची वाटी खाली ठेवत तो म्हणाला, "मामू, मी कॉलेज सोडायचं म्हणतोय." त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी एका ॲपची कल्पना काढली आहे. गेले काही महिने तो अमेरिकेतील अब्जाधीशांच्या चरित्रांचे व्हिडिओ पाहतो आहे. "सगळे मोठे लोक कॉलेज सोडूनच मोठे झाले," असे त्याचे म्हणणे. आत स्वयंपाकघरात माझी बहीण होती. त्याच्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी तिने आपल्या सोन्याच्या पाटल्या मोडल्या होत्या. तिने काही ऐकले नसावे, किंवा ऐकूनही ती गप्प राहिली असावी.

त्या दिवशी मी त्याला नीट उत्तर देऊ शकलो नाही. "असं करू नकोस बेटा" एवढेच म्हणालो. पण नुसत्या नकाराने आजच्या मुलांचे समाधान होत नाही, आणि व्हायलाही नको. त्याचा प्रश्न रास्त होता. जगाला हेवा वाटावा अशा तंत्रज्ञान कंपन्या नेमक्या कशाच्या जोरावर उभ्या राहतात? हा लेख त्याच प्रश्नाचे माझे उत्तर आहे. तो भाच्यासाठी आहे आणि त्याच्यासारखेच स्वप्न पाहणाऱ्या इतर मुलांसाठी, त्यांच्या आईवडिलांसाठीही आहे.

तीन लोकप्रिय उत्तरे

या प्रश्नाची तीन उत्तरे आपल्याकडे फिरतात. पहिले उत्तर : संस्थापक अलौकिक बुद्धीचा असतो. दुसरे : तो रात्रंदिवस झोप सोडून काम करतो. तिसरे, थोडे कडवट : त्याच्या बापाकडे पैसा असतो. तिन्हींत थोडे थोडे तथ्य आहे. पण बुद्धिमान, कष्टाळू आणि श्रीमंत माणसांच्या बुडालेल्या कंपन्यांची संख्या मोजायला बसलो तर दिवस पुरणार नाही. बुडालेल्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही आणि त्यांचे व्हिडिओही कोणी पाहत नाही. म्हणून कॉलेज सोडून यशस्वी झालेले चार जण आपल्याला दिसतात आणि कॉलेज सोडून कुठेच न पोहोचलेले हजारो दिसत नाहीत.

तेव्हा एका कंपनीची गोष्ट जरा खोलात जाऊन पाहू. या कंपनीचे नाव आपल्याकडे सर्वसामान्य माणसाला फारसे माहीत नाही, पण तिने बनविलेली वस्तू बहुधा त्याच्या खिशात असते. तैवानमधील शिंचू येथील 'तैवान सेमीकंडक्टर मॅन्युफॅक्चरिंग कंपनी', म्हणजेच टी.एस.एम.सी. ॲपलच्या फोनचा मेंदू ती बनविते. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जगभर ज्यांची मागणी आहे त्या एनव्हिडियाच्या चिप्सही तीच बनविते. आज जगातील सर्वात प्रगत चिप्सपैकी बहुतांश चिप्स या एका कंपनीच्या कारखान्यांतून निघतात. आणि तरीही तिच्या नावाचा एकही फोन, एकही संगणक बाजारात नाही.

पंचावन्न वर्षांचा 'तरुण' उद्योजक

या कंपनीचे संस्थापक मॉरिस चँग. जन्म १९३१ चा, चीनमधील निंगबो शहरातला. बालपण युद्धांत आणि स्थलांतरांत गेले. अमेरिकेत एम.आय.टी. या नामवंत संस्थेत शिकले आणि तेथे पीएच.डी.च्या प्रवेशाची पात्रता परीक्षा दोनदा नापास झाले. नोकरी शोधावी लागली. फोर्ड मोटार कंपनीने देऊ केलेल्या पगारापेक्षा सिल्व्हेनिया या कंपनीचा पगार महिन्याला एक डॉलर जास्त होता. त्यांनी फोर्डला पगार वाढवून मागितला, फोर्डने नकार दिला, म्हणून ते सिल्व्हेनियात गेले. सिल्व्हेनियाचे काम सेमीकंडक्टरचे होते. एका डॉलरने एका माणसाचे आणि कदाचित एका देशाचेही नशीब बदलले. याला आपण तकदीर म्हणतो.

पुढे १९५८ मध्ये ते टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये गेले आणि तेथे २५ वर्षे राहिले. मधल्या काळात कंपनीनेच त्यांना स्टॅनफर्ड विद्यापीठात पाठविले आणि १९६४ मध्ये, पहिल्या अपयशानंतर सुमारे नऊ वर्षांनी, त्यांनी पीएच.डी. पूर्ण केली. कंपनीत ते खूप वर चढले, पण सर्वोच्च पद मिळाले नाही. उलट शेवटी त्यांना बाजूला सारण्यात आले. १९८३ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. १९८५ मध्ये तैवान सरकारने त्यांना आपल्या औद्योगिक संशोधन संस्थेचे प्रमुख म्हणून बोलावले आणि १९८७ मध्ये टी.एस.एम.सी. स्थापन झाली. तेव्हा चँग पंचावन्न वर्षांचे होते. आपल्याकडे या वयात माणूस भविष्य निर्वाह निधीचा हिशेब करू लागतो.

माझ्या भाच्याने पाहिलेल्या एकाही व्हिडिओत अशी गोष्ट नव्हती, कारण त्यात झटपट काहीच नाही. एका माणसाने तीस वर्षे दुसऱ्यांच्या कारखान्यांत काम शिकले आणि मग स्वतःचा कारखाना काढला, एवढीच ती आहे.

ग्राहकाशी स्पर्धा करायची नाही

चँग यांची मूळ कल्पना अत्यंत साधी होती. त्या काळी इंटेलसारख्या कंपन्या चिपचा आराखडा स्वतः काढत आणि ती बनवतही स्वतःच. ज्यांच्याकडे आराखडा होता पण कारखाना नव्हता त्यांनी काय करावे? त्यांना मोठ्या कंपन्यांच्या दारात जावे लागे आणि आपला आराखडा आपल्याच प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करावा लागे. चँग यांनी ठरविले की आपली कंपनी फक्त दुसऱ्यांच्या चिप्स बनवून देईल. स्वतःची एकही चिप बाजारात आणणार नाही. आपल्या गावच्या भाषेत सांगायचे तर पिठाची गिरणी : दळण तुमचे, जाते आमचे, आणि गिरणीवाला स्वतः भाकरीचे दुकान काढणार नाही.

अनेक जाणकारांना ही कल्पना वेडेपणाची वाटली. इंटेलने भांडवल गुंतविण्यास नकार दिला. तैवानमधील काही उद्योगपतींनी सरकारने गळ घातली म्हणूनच पैसे दिले. पण या एका नियमात जी ताकद होती ती पुढे दिसली. आज एनव्हिडिया आणि ए.एम.डी. या एकमेकींच्या कट्टर प्रतिस्पर्धी कंपन्या आहेत आणि दोघींची गुपिते एकाच कारखान्यात ठेवलेली आहेत. क्वालकॉम आणि मीडियाटेक यांचेही तसेच. एकीचा आराखडा दुसरीकडे गेला तर व्यवसाय एका दिवसात संपेल, हे सर्वांना माहीत आहे.

उलट उदाहरणही आहे. ॲपल पूर्वी आपल्या फोनच्या चिप्स सॅमसंगकडून बनवून घेत असे. पण सॅमसंग स्वतः फोन विकते. २०११ मध्ये दोघींत नक्कल केल्याच्या आरोपावरून कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. २०१४ पासून ॲपलने आपले काम टी.एस.एम.सी.कडे वळविले. सॅमसंगकडे पैसा, यंत्रे, अभियंते सर्व काही होते. त्यांच्याकडे फक्त हे सांगण्याची सोय नव्हती की, "आम्ही तुमचे प्रतिस्पर्धी नाही."

यासाठी आपल्याकडे एक शब्द आहे : अमानत. प्रेषित हजरत मुहम्मद (सल्ल.) यांना प्रेषित्व मिळण्याच्या आधीपासून मक्केचे लोक 'अल-अमीन' म्हणत. जे लोक त्यांच्या जिवावर उठले होते, त्यांच्याही ठेवी त्यांच्याच घरी होत्या. हिजरतच्या वेळी त्या ज्याच्या त्याला परत करण्यासाठी त्यांनी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले. हे आपण मिलादच्या जलशात दरवर्षी ऐकतो आणि सुबहानअल्लाह म्हणून घरी जातो. तैवानच्या लोकांनी हे ऐकलेले नसेल, पण त्यांनी त्याच तत्त्वावर धंदा उभा केला. अमानत हा अखिरतचा विषय आहेच, तो बाजाराचाही विषय आहे, हे आपण विसरलो.

हजार टप्प्यांचा हिशेब

पण नुसता भरवसा पुरत नाही. प्रामाणिक पण कामात कच्च्या माणसाकडे लोक एकदाच जातात. चिप बनविणे ही मानवाने आजवर केलेल्या सर्वात किचकट कामांपैकी एक आहे. सिलिकॉनच्या चकतीवर, जिला वेफर म्हणतात, एकावर एक थर चढवायचे, प्रकाशाने नक्षी उमटवायची, नको तो भाग कोरून काढायचा, पुन्हा थर चढवायचा. असे सुमारे हजार टप्पे. धुळीचा एक कण पडला तरी चिप वाया.

येथे एक छोटे गणित करून पाहा. समजा प्रत्येक टप्पा हजारात ९९९ वेळा बरोबर होतो. कोणत्याही कार्यालयात अशा माणसाचा सत्कार होईल. पण असे हजार टप्पे एकापुढे एक ठेवले तर शेवटी शंभरातील जेमतेम ३७ चिप्स चांगल्या निघतील. आता प्रत्येक टप्पा दहा हजारांत ९,९९९ वेळा बरोबर झाला तर? तेव्हा शंभरातील ९० चांगल्या निघतील. पहिली कंपनी बुडेल आणि दुसरी जगावर राज्य करील. दोघींमधील फरक एका टप्प्यावर पाहिला तर डोळ्यालाही दिसत नाही.

हा फरक कोणा एका प्रतिभावंताच्या डोक्यातून येत नाही. एखाद्या तंत्रज्ञाने रात्रपाळीत तापमानात झालेला किरकोळ बदल वहीत नोंदविला, सकाळपाळीच्या माणसाने ती नोंद वाचली, तिसऱ्याने कारण शोधले आणि चौथ्याने नियम बदलला, यातून तो येतो. सुरुवातीच्या काळात इंटेलने टी.एस.एम.सी.कडून काम करवून घेण्यापूर्वी कारखान्याची तपासणी केली, तेव्हा चुकांची आणि सुधारणांची लांबलचक यादी हाती दिली. तैवानी अभियंत्यांनी अपमान मानला नाही. यादीतील एक-एक मुद्दा दुरुस्त केला आणि शेवटी इंटेलची मान्यता मिळविली. त्या मान्यतेमुळे इतर ग्राहकांचाही विश्वास बसला. दोष दाखविणाऱ्याला शत्रू न समजण्याची सवय ही या कंपनीची, माझ्या मते, सर्वात मोठी संपत्ती आहे.

मंदीत केलेली पेरणी

२००८-०९ च्या जागतिक मंदीत टी.एस.एम.सी.चा धंदाही आटला. तेव्हा चँग दैनंदिन कारभारातून निवृत्त झालेले होते, केवळ अध्यक्ष होते. नव्या व्यवस्थापनाने कर्मचारी कमी केले. ज्यांना काढले त्यांच्या कुटुंबीयांनी निदर्शने केली. जून २००९ मध्ये चँग पुन्हा कार्यकारी प्रमुख झाले, वयाच्या ७७ व्या वर्षी. त्यांनी काढलेल्या लोकांना परत बोलावले आणि मंदी असतानाच गुंतवणूक वाढविली. २०१० मध्ये कंपनीने नव्या यंत्रांवर आणि कारखान्यांवर सुमारे ५.९ अब्ज डॉलर्स खर्च केले. बाजाराला हे धाडस वाटले. पण स्मार्टफोनची लाट आली तेव्हा तयार कारखाने आणि शिकलेली माणसे त्यांच्याकडेच होती.

त्याच काळात इंटेलची उलट कथा घडत होती. ॲपलने पहिल्या आयफोनसाठी चिपची विचारणा केली तेव्हा इंटेलने ती नाकारली, कारण हिशेबात नफा बसत नव्हता. तत्कालीन प्रमुख पॉल ओटेलिनी यांनी २०१३ मध्ये, पद सोडताना, ही चूक उघडपणे कबूल केली. तेव्हा जगातील सर्वात हुशार अभियंते त्यांच्याकडे होते. पैसाही अमाप होता. पण सगळे आलबेल असताना नवा धोका पत्करण्याची भूक कमी झाली होती. यश स्वतःच यशाचे शत्रू कसे बनते याचे यापेक्षा चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

एकट्याचे यश असे काही नसते

आता चौथे कारण, जे सांगायला कोणताच अब्जाधीश तयार नसतो : समाज आणि सरकार. टी.एस.एम.सी.च्या सुरुवातीच्या भांडवलातील जवळपास निम्मा वाटा तैवान सरकारचा होता आणि एक चतुर्थांशाहून अधिक नेदरलँड्सच्या फिलिप्स कंपनीचा. त्याच्याही दहा वर्षे आधी, १९७६ मध्ये, सरकारी संशोधन संस्थेने अमेरिकेच्या आर.सी.ए. कंपनीशी करार करून आपले तरुण अभियंते चिप बनवायला शिकण्यासाठी तिकडे पाठविले होते. १९८० मध्ये शिंचूचे विज्ञान उद्यान उभे राहिले, दोन नामवंत विद्यापीठांच्या शेजारी. म्हणजे कंपनीचे रोप लावण्यापूर्वी दशकभर जमिनीची मशागत चालली होती.

आणि ज्या यंत्राशिवाय आजच्या प्रगत चिप्स बनूच शकत नाहीत ते यंत्र नेदरलँड्सची ए.एस.एम.एल. ही कंपनी बनविते. त्यात वितळलेल्या कथिलाचे सूक्ष्म थेंब सेकंदाला सुमारे ५० हजार या वेगाने सोडले जातात, प्रत्येक थेंबावर लेझरचा मारा होतो आणि त्यातून १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश निघतो. त्याचे आरसे जर्मनीत बनतात. हे तंत्र प्रयोगशाळेतून कारखान्यात यायला दोन दशकांहून अधिक काळ लागला. वाटेत कित्येकांनी हे जमणार नाही म्हणून सोडून दिले. अशा जाळ्याच्या मध्यभागी उभे राहून "हे मी एकट्याने केले" असे जो म्हणतो तो एक तर अज्ञानी आहे किंवा अहंकारी.

या यशाला काळी बाजू आहे, तीही सांगितली पाहिजे. आर.सी.ए.च्या तैवानमधील ताओयुआन कारखान्याने भूजल विषारी केले आणि आजारी पडलेल्या कामगारांना न्यायासाठी वर्षानुवर्षे न्यायालयात झगडावे लागले. २०२१ मध्ये तैवानमध्ये अर्धशतकातील सर्वात भीषण दुष्काळ पडला. तेव्हा सरकारने नुकसानभरपाई देऊन शेतीचे पाणी बंद केले आणि कारखाने टँकरच्याही पाण्यावर चालू राहिले. मराठवाड्यातील वाचकाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. प्रगती हवी, पण तिची किंमत कोण मोजतो हे विचारण्याचा अधिकार सोडता कामा नये. ज्या यशात अद्ल नाही, न्याय नाही, त्याला पूर्ण यश म्हणता येत नाही.

आपल्याकडे काय झाले?

अनेकांना माहीत नसेल की या क्षेत्रात भारत तैवानच्या कंपनीआधी उतरला होता. मोहाली येथील सरकारी सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये १९८४ मध्ये उत्पादन सुरू झाले, म्हणजे टी.एस.एम.सी.च्या तीन वर्षे आधी. १९८९ मध्ये तेथे आग लागली आणि कारखाना पुन्हा उभा राहायला अनेक वर्षे गेली. आग कोठेही लागू शकते. प्रश्न असा की, जळालेली वस्तू पुन्हा उभी करण्याची घाई कोणाला होती?

अलीकडचे उदाहरण महाराष्ट्राला चांगले आठवत असेल. २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा चिप प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला म्हणून राज्यात मोठे रणकंदन झाले. आंदोलने झाली, आरोप झाले. एक लाख चोपन्न हजार कोटींचा आकडा सर्वांना तोंडपाठ झाला. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने अंग काढून घेतले आणि ती भागीदारीच संपली. ज्या फळासाठी दोन राज्ये भांडली ते झाडाला लागलेच नव्हते. त्या साऱ्या गदारोळात जमीन किती, अनुदान किती, श्रेय कोणाचे यावर तासन्‌तास चर्चा झाली. चिप बनविण्याचे तंत्र कोणाकडून येणार आणि ती बनविणारी माणसे कोठे तयार होणार, हे विचारणारे थोडे होते. आता गुजरातमध्येच धोलेरा येथे टाटा समूह तैवानच्या पॉवरचिप कंपनीच्या साहाय्याने कारखाना उभारतो आहे. तो यशस्वी व्हावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आणि आपला समाज?

आता मी मुस्लिम समाजाकडे वळतो. हुनर आपल्याकडे कमी आहे असे कोणी म्हणू शकत नाही. मालेगाव-भिवंडीचे यंत्रमाग घ्या, गावोगावची गॅरेजेस घ्या, मोबाईल दुरुस्तीची दुकाने घ्या. सूक्ष्मदर्शकाखाली फोनच्या बोर्डावर केसाएवढी तार जोडणारी पोरे मी पाहिली आहेत. त्यातील कित्येक दहावीही पास नाहीत. त्यांच्या हातात जे कसब आहे ते पाहून अभियंत्यालाही आश्चर्य वाटावे. मग त्या दुकानांतून एखादी कंपनी का उभी राहत नाही?

एक कारण आपल्या हातात नाही, ते आधी सांगतो. भांडवल. मुस्लिमांना बँकांकडून मिळणाऱ्या कर्जाचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने किती कमी आहे, हे सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवून ठेवले आहे. उच्च संशोधन करणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्र सरकारने २०२२-२३ पासून बंद केली. तैवानने संशोधकांवर पैसा लावला म्हणून कंपनी उभी राहिली, आणि आपण पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींचे विद्यावेतन बंद करून जागतिक महासत्ता होण्याच्या गोष्टी करतो. हा विरोधाभास सरकारच्या लक्षात आणून देणे आपले नागरिक म्हणून कर्तव्य आहे.

परंतु जी कारणे आपल्या हातात आहेत त्यांचे काय? माझ्या ओळखीतील दोन जिवलग मित्रांनी मिळून दुरुस्तीचे दुकान काढले. दुकान चालले, दुसरे काढले. कोणाचा वाटा किती, हे कधी कागदावर आले नाही. "भाईभाईत कागद कशाला?" तिसऱ्या वर्षी हिशेबावरून भांडण झाले, दोन्ही दुकाने बंद पडली आणि आज ते एकमेकांच्या जनाजालाही जातील की नाही, शंका आहे. असे प्रसंग प्रत्येक वाचकाच्या माहितीत असतील. गंमत अशी की, कुरआनमधील सर्वात दीर्घ आयत, सूरह अल-बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आणि साक्षीदार करण्याविषयी आहे. रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय आहे. ज्यांच्या ग्रंथातील सर्वात मोठी आयत हिशेबाच्या वहीबद्दल आहे, त्यांच्याच गल्लीत सर्वात जास्त व्यवहार तोंडी होतात!

दुसरी गोष्ट, आपला उस्ताद आपले हुनर शागिर्दाला हातचे राखून शिकवतो. त्याला भीती असते की पोरगा शिकला तर समोरच दुकान थाटेल. ही भीती खोटी नाही. पण त्यामुळे प्रत्येक पिढी पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू करते. ज्ञान माणसाबरोबर कबरीत जाते. शिंचूच्या कारखान्यात ते वहीत जाते आणि पुढच्या पाळीला मिळते.

तिसरी गोष्ट, भांडवल आणि मेहनत यांची गाठ घालून देण्याची आपली जुनी पद्धत आपण सोडून दिली. हजरत खदीजा (रजि.) यांनी एका तरुणाची सचोटी पाहून आपला व्यापारी माल त्याच्या हाती सीरियाला पाठविला. तो तरुण म्हणजे पुढे प्रेषित झालेले हजरत मुहम्मद (सल्ल.). भांडवल एकाचे, कष्ट दुसऱ्याचे, नफ्यात दोघे भागीदार, नुकसान झाले तर पैसा भांडवलदाराचा आणि मेहनत कष्टकऱ्याची वाया. याला मुदारबत म्हणतात. आजच्या भाषेत जिला व्हेंचर कॅपिटल म्हणतात, ती तिची दूरची बहीण आहे. आपल्या शहरांत लग्नाच्या हॉलवर आणि बिर्याणीवर एका रात्रीत जे पैसे उडतात, त्यातील थोडे जरी अशा भागीदारीत, लेखी कराराने, गेले तर किती तरुणांची दुकाने कारखाने होतील?

भाच्याला उत्तर

बेटा, तुला मोठी कंपनी काढायची आहे, जरूर काढ. पण आधी चार प्रश्नांची उत्तरे दे. तुझ्या ॲपवर लोक आपली माहिती सोपवतील तेव्हा ती तुझ्याकडे अमानत म्हणून सुरक्षित राहील, याची हमी काय? तुझे दोष दाखविणारा एक तरी माणूस तुझ्या तिघांत आहे का? तुम्हा तिघांचा करार लिहिलेला आहे का? आणि पहिली तीन वर्षे एक पैसाही मिळाला नाही तर तू काय करशील?

आणि कॉलेजबद्दल म्हणशील तर आपल्याच महाराष्ट्रातील एक गोष्ट ऐक. जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे १९४५ मध्ये मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाची कंपनी काढली. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि स्टॅनफर्डमध्ये शिकणारा त्यांचा २१ वर्षांचा मुलगा, अझीम, शिक्षण अर्धवट सोडून परत आला. आय.बी.एम. भारतातून गेल्यानंतर याच कंपनीने संगणकाच्या क्षेत्रात पाऊल टाकले. तीच आजची विप्रो. पण पुढचे ऐक. अब्जावधींचा मालक झाल्यावर, तीन दशकांहून अधिक काळानंतर, अझीम प्रेमजींनी ती अपुरी राहिलेली अभियांत्रिकीची पदवी पूर्ण केली. त्यांना तिची काहीच गरज नव्हती. कॉलेज सोडणे ही त्यांच्यासाठी मजबुरी होती. त्यांनी तिची शेखी मिरविली नाही.

मागच्या आठवड्यात भाच्याचा फोन आला होता. हे चारही प्रश्न मी त्याला फोनवर विचारले. पहिल्या तिघांवर तो बराच बोलला. चौथ्यावर गप्प झाला. मग म्हणाला, "मामू, कराराचा कागद कसा लिहितात?" कॉलेजबद्दल तो काही बोलला नाही, मीही विचारले नाही. रविवारी त्याच्या दोन्ही मित्रांना घेऊन ये, असे सांगितले आहे. स्टॅम्पपेपर मी आणून ठेवणार आहे.

शेवटी अल्लाहकडे दुआ करतो की, ऐ अल्लाह! आमच्या मुलांच्या हातात हुनर दिलास, तशी त्यांच्या व्यवहारात अमानतदारी आणि कामात सब्र दे. आमच्या समाजातील धनवंतांना त्यांच्या पाठीशी उभे राहण्याची आणि आमच्या प्रिय देशाला आपल्या सर्व मुलांवर सारखा भरवसा ठेवण्याची सद्बुद्धी दे. (आमीन.)